एलसीची कागदपत्रे बँकेत देताना: पात्रता, कागद, तपासणी आणि चूक निघाल्यावर काय करायचे

इचलकरंजीहून सुताचा कंटेनर न्हावाशेव्याला रवाना झाला की गिरणीतले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझे काम तिथून सुरू होते. एलसी (लेटर ऑफ क्रेडिट) म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देऊ, अशी खरेदीदाराच्या बँकेची लेखी हमी. गेली अठरा वर्षे मी निर्यातदारांचे एलसीच्या कागदपत्रांचे सेट तयार करून बँकेत देतो. त्यात एक गोष्ट वारंवार पाहिली आहे: माल चोख असतो, भाव ठरलेला असतो, आणि पैसे अडकतात ते एका कागदावरच्या एका ओळीने. पहिल्यांदा एलसीवर माल पाठवणाऱ्यांना ही माहिती आधीच मिळावी, म्हणून हे लिहितो आहे. उदाहरणे बांगलादेशाला जाणाऱ्या सुताची घेतली आहेत, कारण तो माझा रोजचा व्यवहार आहे. नियम मात्र सगळीकडे तेच.

हे नियम म्हणजे यूसीपी ६००. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने केलेले आणि १ जुलै २००७ पासून लागू असलेले. एकूण ३९ कलमे आहेत. पाचवे कलम दोन ओळींचे आहे, पण सगळा व्यवहार त्यावर उभा आहे: बँक कागदपत्रांचा व्यवहार करते, मालाचा नाही. तुमचे सूत किती चांगले आहे याच्याशी बँकेला देणेघेणे नाही. उलटही तितकेच खरे. कागद बरोबर असतील, तर खरेदीदाराने मालाबद्दल कितीही कुरकूर केली तरी एलसी उघडणाऱ्या बँकेला पैसे द्यावेच लागतात.

कागद कोण देऊ शकतो

एलसीच्या फील्ड ५९ मध्ये (फील्ड म्हणजे एलसीतला क्रमांक दिलेला रकाना) ज्याचे नाव आहे, तोच लाभार्थी, म्हणजे पैसे मिळणारा. भावाच्या फर्मच्या नावाने इनव्हॉइस काढून चालत नाही. एलसी हस्तांतरणीय असेल तरच दुसऱ्याच्या नावावर करता येते, आणि तसे एलसीत स्पष्ट लिहिलेले असावे लागते. याशिवाय डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, हवा आणि ज्या बंदरातून माल जाणार तिथे तुमच्या बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक) नोंदलेला हवा. फील्ड ४१, म्हणजे कागद कोणत्या बँकेकडे द्यायचे, हे आवर्जून बघा. तिथे एखाद्या ठरावीक बँकेचे नाव असेल, तर कागद त्या बँकेकडे गेले की मुदत पाळली असे धरतात. तुमचे खाते दुसऱ्या बँकेत असेल तर मधल्या प्रवासाचे दिवस हिशेबात धरा.

एलसी आली त्याच दिवशी

खरी तपासणी माल निघण्याआधी करायची असते. एलसी हातात आली की मी छापील प्रत घेतो आणि पेन्सिलने चार जागा अधोरेखित करतो. ३१डी म्हणजे मुदत कधी आणि कुठे संपते. ४४सी म्हणजे माल चढवण्याची शेवटची तारीख. ४६ए म्हणजे कोणते कागद, किती प्रती. आणि ४७ए, म्हणजे जादा अटी.

३१डीमधले ‘कुठे’ बहुतेक जण वाचतच नाहीत. मुदत बांगलादेशात संपत असेल तर त्या तारखेपर्यंत कागद ढाक्याच्या बँकेत पोचले पाहिजेत. कुरिअर रस्त्यात असेल तर तो तुमचा प्रश्न. खरेदीदाराला त्याच दिवशी फोन करून ‘भारतात’ अशी दुरुस्ती मागा. माल बोटीवर चढण्याआधी दुरुस्ती मागणे सोपे असते. नंतर तुमची बाजू पडती असते.

बांगलादेशच्या एलसीत ४७ए लांबलचक असते. आयातदाराचा आयआरसी (आयात नोंदणी) क्रमांक, एलसीए (एलसी परवानगी) फॉर्मचा क्रमांक, बिन आणि टिन (त्याचे व्यवसाय आणि कर क्रमांक), एचएस कोड (मालाचा सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांक), एलसी क्रमांक आणि तारीख, हे सगळे ‘सर्व कागदांवर’ हवे असे लिहिलेले असते. सर्व म्हणजे सर्व. पॅकिंग लिस्टवर आणि तुमच्या स्वतःच्या दाखल्यांवरसुद्धा.

कोणते कागद लागतात

साधारण सेटमध्ये हुंडी (पैसे मागणारा कागद), कमर्शिअल इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगचा (माल बोटीवर घेतल्याच्या शिपिंग लाइनच्या पावतीचा) पूर्ण संच, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशाचा याचा दाखला) आणि एक-दोन लाभार्थी दाखले असतात. व्यवहार सीएफआरवर (भावात जहाजभाडे धरलेले, विमा नाही) असेल तर विमा खरेदीदाराचा. मग एलसी तुमच्याकडून शिपमेंट ॲडव्हाइस मागते: माल चढल्यावर ठरलेल्या दिवसांत त्यांच्या विमा कंपनीला कव्हर नोटचा (विम्याच्या तात्पुरत्या कागदाचा) क्रमांक टाकून ईमेल करायचा आणि त्याची प्रत सेटला जोडायची. हा ईमेल विसरला तर नंतर मागची तारीख टाकून भागत नाही. म्हणून बोट सुटली त्या संध्याकाळीच तो पाठवावा. विमा तुमच्याकडे असेल, तर एलसीत वेगळे काही नसल्यास रक्कम सीआयएफच्या (माल, विमा आणि जहाजभाडे मिळून किमतीच्या) किमान ११० टक्के हवी आणि संरक्षण माल चढल्याच्या तारखेपासून तरी सुरू झालेले हवे. कव्हर नोट चालत नाही.

इनव्हॉइसवरचे मालाचे वर्णन एलसीशी जुळलेच पाहिजे. मी ते ४५एमधून शब्दशः उतरवतो, त्यांची स्पेलिंगची चूक असेल तर चुकीसकट. इतर कागदांवर सर्वसाधारण वर्णन चालते, फक्त ते एलसीच्या विरोधात जाता कामा नये. १९४२ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयात आपल्याच मद्रासहून डेन्मार्कला गेलेल्या शेंगदाण्यांचा खटला गाजला होता. एलसीत ‘कोरोमंडल ग्राउंडनट्स’ होते आणि बिल ऑफ लेडिंगवर ‘यंत्राने सोललेले शेंगदाणे’. व्यापारात दोन्ही एकच हे सर्वांना ठाऊक होते. तरीही निकाल बँकेच्या बाजूने लागला: व्यापारातली भाषा माहीत असणे हे बँकेचे काम नाही. आज बिल ऑफ लेडिंगला थोडी मोकळीक आहे, इनव्हॉइसला नाही. ‘३० काउंट कार्डेड’च्या जागी ‘३० काउंट कोंब्ड’ पडले की सेट परत.

बिल ऑफ लेडिंग हा सगळ्यात चिवट कागद, कारण तो आपण लिहीत नाही. शिपिंग लाइनकडून मसुदा आला की सीएचएवर (कस्टमच्या कामाच्या एजंटवर) न सोडता स्वतः वाचा. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या ठाण्यांतून सूत घेणे बंद केले, तेव्हा ट्रकच्या कागदांवर काम भागवणाऱ्या अनेकांच्या हातात हा कागद पहिल्यांदा आला. त्यावर ‘शिप्ड ऑन बोर्ड’ छापलेले हवे. ते ‘रिसीव्ह्ड फॉर शिपमेंट’ नमुन्यावर असेल तर ऑन बोर्डची वेगळी नोंद तारखेसह हवी, आणि तीच तुमची शिपमेंटची तारीख. वाहतूकदाराचे नाव दिसले पाहिजे. एजंटने सही केली असेल तर कोणासाठी केली हेही. एलसीत ‘चट्टोग्राम’ असेल तर जुने ‘चितगाव’ लिहू नका, उगाच वादाला जागा नको. ‘टू ऑर्डर’ (माल कोणाचे नाव न घालता, आदेशानुसार द्यायचा) असेल तर मागच्या बाजूला तुमचे एन्डोर्समेंट, म्हणजे हक्क सोपवणारी सही, लागते. तिन्ही मूळ प्रती उलटून बघा, एक तरी कोरी राहिलेली असते. कोलंबोला माल दुसऱ्या बोटीवर चढणार म्हणून मात्र घाबरू नका. ट्रान्सशिपमेंटला, म्हणजे अशा बोटबदलाला, मनाई असली तरी माल कंटेनरमध्ये गेल्याचे दिसत असेल आणि पूर्ण प्रवास एकाच बिल ऑफ लेडिंगवर असेल, तर विसाव्या कलमानुसार ते चालते. एलसीने ते कलमच वगळले नाही ना, एवढे बघून घ्या.

वजनाचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. एलसी २०,००० किलोची, दर २.९५ डॉलर, रक्कम ५९,००० डॉलर. तिसाव्या कलमानुसार वजनात पाच टक्के कमीजास्त चालते, म्हणून कोणी २०,१५० किलो भरतो. इनव्हॉइस होते ५९,४४२.५० डॉलर. वजन नियमात बसले, पण रकमेने एलसी ओलांडली, आणि ओलांडायची परवानगी नव्हती. शिवाय एलसीत किलोऐवजी ‘४०० कार्टन’ असा नग लिहिला असेल तर ही पाच टक्के सूटही नाही.

दिवस कसे मोजायचे

माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद द्यायचे असतात. फील्ड ४८ मध्ये १५ लिहिले असेल तर १५. आणि एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर तीच मुदत. मुदतीच्या दिवशी बँकेला नेहमीची सुट्टी असेल तर पुढचा कामकाजाचा दिवस मिळतो, पण माल चढवण्याची शेवटची तारीख सुट्टीमुळे पुढे जात नाही. बँकेला तपासायला कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून कामकाजाचे पाच दिवस असतात. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी आणि रविवारी बँक उघडी. म्हणजे तिथे बुधवारी पोचलेल्या सेटचा निर्णय, मध्ये दुसरी सुट्टी नसेल तर, पुढच्या बुधवारपर्यंत यायला हवा.

चूक निघाली तर

सगळ्या चुका सारख्या नसतात. ‘मशीन’च्या स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर चुकले आणि अर्थ बदलला नाही, तर ती विसंगती (कागद नाकारण्याजोगी चूक) नाही. मॉडेल १२३ च्या जागी ३२१ पडले, तर आहे. तीन वर्षांपूर्वी एका गिरणीच्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर एलसी क्रमांकाचे शेवटचे आकडे ०४७ ऐवजी ०७४ पडले. मी स्वतः तो सेट दोनदा वाचला होता. इथल्या बँकेच्याही नजरेतून ते सुटले. तिकडच्या बँकेने कागद नाकारले. त्याच आठवड्यात सुताचे भाव उतरले होते. खरेदीदाराने किलोमागे दहा सेंट कमी करा म्हणून अडून धरले. माल १८,००० किलो. १,८०० डॉलर त्या दोन आकड्यांनी नेले. तेव्हापासून क्रमांक मी मागून पुढे वाचतो. तसे वाचताना डोळा सवयीने पुढे पळत नाही.

चूक तुमच्याच बँकेत सापडली आणि मुदत शिल्लक असेल, तर कागद दुरुस्त करून पुन्हा द्या. यापेक्षा चांगला मार्ग नाही. दुरुस्त होण्यासारखी नसेल, उदाहरणार्थ माल उशिरा चढला, तर तुमच्या बँकेला एमटी ७५० (चूक कळवणारा बँकांमधला संदेश) पाठवून तिकडच्या बँकेची संमती मागायला सांगा. संमतीशिवाय सेट तसाच पाठवला तर एलसीची हमी त्या सेटपुरती गेली असे धरून चाला. मग पैसे खरेदीदाराच्या मर्जीवर.

नकार तिकडून आला तर घाबरून लगेच सवलत देऊ नका. आधी एमटी ७३४ ची (नकाराच्या संदेशाची) प्रत मागा आणि सोळाव्या कलमाशी ताडून बघा. नकार पाच दिवसांत आला का? सगळ्या चुका एकाच नोटिशीत सांगितल्या का? कागद कुठे ठेवलेत, परत करणार की सूचनेची वाट बघणार, हे लिहिले आहे का? यातले काही राहिले असेल, किंवा आठवड्याने नवीन चूक काढली असेल, तर त्या बँकेला कागद नाकारता येत नाहीत. तुमच्या बँकेकडून कलमाचा उल्लेख करून लेखी कळवा. हा हक्क पुष्कळ निर्यातदार वापरतच नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विसंगतीचा दंडही बघून ठेवा. बहुतेक एलसीत प्रत्येक सेटमागे ठरावीक डॉलर कापण्याची अट ४७ए मध्येच असते, आणि खरेदीदाराने चूक मान्य केली तरी ते कापले जातात. पैसे जमा झाले की कापलेली रक्कम बँकेला लेखी दाखवा आणि शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद) ईडीपीएमएसमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या निर्यात-नोंदींच्या प्रणालीत, बंद झाले का ते तपासा. पन्नास डॉलरच्या फरकापायी ते उघडे राहिले, तर पुढच्या सेटच्या वेळी बँक आधी त्याच नोंदीबद्दल विचारते.