उष्माघात प्रतिबंध, सार्वजनिक सुविधांमधील

उन्हाळ्यातील तीव्र उष्णतेचा त्रास ज्यांना इतरांपेक्षा लवकर व अधिक होतो, अशा व्यक्तींसाठी रुग्णालये, अंगणवाड्या, शाळा, बसस्थानके, उद्याने अशा ठिकाणी केलेली सावली, पाणी, गारवा व प्रथमोपचार यांची व्यवस्था. तान्ह्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने मोठे असल्याने त्याचे शरीर लवकर तापते. वृद्धांना तहान कमी जाणवते व घामही कमी येतो. त्यातच लघवी वाढवणारी किंवा मानसिक विकारांवरील काही औषधे चालू असतील, तर धोका आणखी वाढतो. गर्भवती स्त्रिया आणि हृदयाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण यांचीही गणना या गटात होते. बांधकामावरील मजुराचे शरीर धडधाकट असते. पण दुपारी सावलीत बसले तर रोजी बुडते, ही त्याची खरी अडचण होय.

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान 40 अंश से. आणि सरासरीपेक्षा किमान 4.5 अंशांनी अधिक असल्यास उष्णतेची लाट मानतात. किनारपट्टीसाठी हीच मर्यादा 37 अंशांची आहे. मात्र चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर येथे मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही, त्यामुळे इशाऱ्याची पातळी शहरागणिक ठरवावी लागते.

अहमदाबादेत 21 मे 2010 रोजी 46.8 अंश तापमान नोंदले गेले आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले. त्यानंतर तेथील महापालिकेने 2013 मध्ये कृती आराखडा लागू केला. त्याच शहरातील एका रुग्णालयात प्रसूती विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर उष्णतेमुळे दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बालकांची संख्या घटली. महागड्या यंत्राने साधले नसते, ते खोली बदलल्याने साधले.

विदर्भात शासकीय रुग्णालयांत उन्हाळ्यापुरता ‘कोल्ड वॉर्ड’ उघडतात. तेथे कूलर, बर्फ, सलाईन व ओआरएस तयार ठेवतात. शरीराचे तापमान 40 अंशांपलीकडे जाऊन रुग्ण बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर आधी अंग ओले करून वारा घालावा, मान, काखा व जांघा यांना बर्फ लावावा आणि हे चालू ठेवूनच रुग्णालयात न्यावे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही आणि शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतणे घातक ठरते.

गारव्याचे साधन त्या त्या हवेला साजेसे हवे. वाळ्याच्या ताट्या किंवा कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा थंड करतात. वैदर्भीय कोरड्या उन्हात ते उत्तम चालतात, पण समोरची खिडकी उघडी नसेल तर खोली दमट होऊन उलट घुसमट वाढते. कोकणात व मुंबईत हवाच दमट असल्याने कूलरचा फारसा उपयोग होत नाही. तेथे सावली आणि खेळती हवा यांवर भर द्यावा लागतो. पारा चाळिशीच्या आत असला की धोका नाही, हा समजही तेथे फसवा ठरतो. नवी मुंबईतील खारघर येथे 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावर भरदुपारपर्यंत चाललेल्या शासकीय सोहळ्यानंतर उपस्थितांपैकी 14 जण दगावले.

सकाळच्या सत्रातील शाळा, विदर्भात उन्हाळी सुट्टीनंतर उशिरा भरणारे वर्ग, नागपुरात दुपारी काही चौकांतील बंद ठेवले जाणारे सिग्नल हे उपाय केवळ वेळापत्रक बदलून होतात. उद्यानांच्या बाबतीत मात्र घड्याळ नेमके उलटे चालते. सकाळी फिरणाऱ्यांसाठी ती उघडी आणि दुपारी कुलूपबंद असतात, तर रिक्षावाले, फेरीवाले व बेघर यांना झाडाखाली टेकायला जागा हवी असते ती दुपारीच. म्हणून आराखड्यांत ती दुपारी खुली ठेवण्याची तरतूद करतात. पाणपोईचा रांजणही सावलीत हवा आणि दुपारी तो पुन्हा भरणारे माणूस नेमलेले हवे. पत्र्याच्या छताच्या अंगणवाडीत छताला बाहेरून पांढरा चुना मारल्यास आतील तापमान काही अंशांनी उतरते. हे काम पहिल्या पावसात धुऊन जाते आणि दरवर्षी मार्चपूर्वी नव्याने करावे लागते.