समांतर पोर्ट कार्ड (यंत्रगती नियंत्रण)

संगणकाच्या पीसीआय किंवा पीसीआय-एक्स्प्रेस खाचेत बसवून स्टेपर मोटरींच्या (प्रत्येक पल्समागे, म्हणजे विजेच्या ठोक्यामागे, ठरावीक कोनातून फिरणाऱ्या मोटरींच्या) ड्राइव्हना, म्हणजे त्यांना चालवणाऱ्या मंडलांना, ‘स्टेप’ (एक पाऊल) व ‘डिरेक्शन’ (दिशा) हे संकेत पुरवण्यासाठी योजले जाणारे कार्ड. हा पोर्ट मुळात प्रिंटरचा. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकामुळे तो रूढ झाला व १९९४ मध्ये आयट्रिपलई १२८४ या मानकात बसवला गेला.

असे कार्ड वापरणारी लिनक्ससीएनसी ही यंत्रगतीची नियंत्रणप्रणाली अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेच्या ‘ईएमसी’ प्रकल्पातून १९९० च्या दशकात निघाली; आजचे नाव साधारण २०११ नंतरचे. प्रिंटरच्या पोर्टातून पल्स काढण्याची रीतही याच प्रकल्पातली, असे कधीकधी मानले जाते. तथापि आरंभीचा ईएमसी मोठ्या यंत्रांवरील सर्वो मोटरींसाठी (स्वतःची स्थिती मोजून ती सुधारणाऱ्या) होता आणि डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरच्या प्रोग्रामांतही हीच रीत आढळते. त्यामुळे ती ठिकठिकाणी स्वतंत्रपणे रुजली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

पोर्टाच्या २५ पिनांपैकी १२ आउटपुटच्या व ५ इनपुटच्या असतात. तीन अक्षांना ६ आउटपुट लागतात. इनपुट मात्र अपुरे पडत असल्याने लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला यंत्र थांबवणारे) एकाच साखळीत जोडतात. मदरबोर्डवरील पोर्टाचा पत्ता बहुधा षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीत ३७८ असतो. कार्डाचा पत्ता संगणक सुरू होताना ठरतो व खाच बदलल्यास बदलू शकतो, म्हणून तो लिनक्सच्या ‘एलएसपीसीआय’ आज्ञेने पाहून मांडणीच्या फाइलीत लिहावा लागतो. यूएसबीचे अडॅप्टर येथे निरुपयोगी.

पल्स संगणकाचा प्रोसेसरच घडवतो, म्हणून त्याला होणारा विलंब निर्णायक ठरतो. हा विलंब मोजणारी लिनक्ससीएनसीची विलंबचाचणी चालू ठेवून खिडक्या ओढाव्यात, मोठ्या फाइली उतरवाव्यात. कमाल आकडा १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम, १०० च्या वर गेला तर तो संगणक या कामाचा नाही.

बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम शेजारी-शेजारी चालते. तेथल्या एखाद्या जुन्या मिलिंग यंत्राला एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणारा बॉलस्क्रू (आटेदार दांडा) आणि फेऱ्याला २०० स्टेपची मोटर दहापट मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे दहा भाग करून) जोडली, असे धरू: एका मिलिमीटरला ४०० पल्स पडतात. प्रोसेसरच्या दर २५ मायक्रोसेकंदांच्या आवर्तनात पल्स एकदा चढतो व पुढच्यात उतरतो, म्हणजे सेकंदाला २०,००० पल्स; टेबल मिनिटाला ३ मीटरपर्यंत धावते. प्रत्येक आवर्तनातच पल्स उतरवण्याची सोय वापरल्यास ही मर्यादा दुप्पट होते.

अनेक नव्या कार्डांच्या पिनेवर ५ ऐवजी ३.३ व्होल्टच मिळतात (पिन २ व १८ यांवर मल्टिमीटर लावून हे दिसते). अशा वेळी ५ व्होल्टचा ड्राइव्ह मधूनमधून स्टेप गाळतो आणि जॉबचे माप चुकते. दोष स्क्रूवर ढकलला जातो, पण हवा असतो तो बफर (संकेत ५ व्होल्टपर्यंत सबळ करणारे मंडल) असलेला ब्रेकआउट बोर्ड, म्हणजे पोर्टाच्या पिना तारांना जोडून देणारी पट्टी.