मुक्त बाजार आणि सरकार (गोव्यातल्या खाणींच्या संदर्भात)

मुक्त बाजारात किती माल काढायचा, कोणाला नि काय भावाने विकायचा हे विकणारा आणि घेणारा ठरवतात. सरकारचं काम नियम करायचं, ते पाळले जातात का बघायचं आणि जे सगळ्यांच्या मालकीचं आहे ते राखायचं. गोव्यात हा तोल कसा बिघडला ते लोहखनिजात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पोर्तुगीज काळात खाणींचे परवाने कायमचे दिलेले, १९८७ च्या कायद्याने त्यांची लीज, म्हणजे ठरावीक मुदतीचे भाडेपट्टे, झाली. इथलं खनिज कमी प्रतीचं, त्यामुळे बहुतेक माल निर्यातच व्हायचा. २००० नंतर चीनची मागणी वाढली, भाव चढले आणि डिचोली, साखळी, सांगे, केपे भागात टिपर नि मांडवी-जुवारी नद्यांत बार्ज (खनिज वाहणाऱ्या मोठ्या होड्या) यांची नुसती रांग लागली. पैसा आला हे खरंच, लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले, पण धूळ, शेतात उतरलेला गाळ, आटलेल्या विहिरी यांचा हिशेब खनिजाच्या भावात कुठेच नव्हता आणि तो धरायला लावणं सरकारचं काम होतं, ते झालं नाही.

२०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला नि खाणी बंद पडल्या. गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलं की लीजची मुदत नोव्हेंबर २००७ लाच संपलेली, म्हणजे त्यानंतरचं उत्खनन बेकायदा. वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीतले १० टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. आणि तरीही पुढे ८८ लीज लिलाव न करता जुन्याच लोकांना मिळाली, लिलाव सक्तीचा करणारा केंद्राचा वटहुकूम जानेवारी २०१५ मध्ये यायच्या तोंडावर! कोर्टाने फेब्रुवारी २०१८ ला तीही रद्द केली, मार्चपासून खाणी परत बंद आणि खाणअवलंबितांच्या डोक्यावर हप्ते तसेच.

सरकारने नि कोर्टाने धंदा बुडवला असं खूप जण म्हणतात, ते पटत नाही. लिलाव म्हणजेच तर बाजार, तो टाळून दिलेलं लीज ही मेहेरबानी झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले, डिचोलीचा ब्लॉक वेदांता या खाण कंपनीला गेला. आता वाद उरलाय तो निधीचा. खनिज एकदाच निघतं, त्यामुळे त्याचे पैसे म्हणजे विकलेली मालमत्ता, वर्षाची कमाई नव्हे, म्हणून १० टक्के नाही तर पूर्ण किंमत पुढच्या पिढ्यांसाठी राखावी अशी मागणी आहे आणि ती अगदी रास्त आहे.