जुन्या आउटबोर्डचे चार्जिंग आणि ‘चार्ज कॉइल’चा घोळ

सुरुवातीच्या बहुतेक आउटबोर्डला (होडीच्या मागे बाहेरून लावायचे इंजिन) भरावी लागणारी बॅटरी नव्हतीच. दोरी ओढायची, फ्लायव्हीलमधल्या, म्हणजे इंजिनाच्या जड फिरत्या चाकातल्या, चुंबकामुळे ठिणगी पडायची, की इंजिन चालू. १९५० च्या दशकात सेल्फ स्टार्ट रुळला तशी बॅटरी आली आणि ती भरायला पट्ट्यावर फिरणारा डायनामो. त्याचे ब्रश आणि कटआउट खाऱ्या हवेत फार दिवस काढत नसत. १९६० च्या दशकात वीज एकाच दिशेने जाऊ देणारे सिलिकॉन डायोड मिळू लागले आणि डायनामो मागे पडला. त्याची जागा फ्लायव्हीलखालच्या स्टेटरने, म्हणजे न फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळ्यांनी, घेतली. त्यातून निघणारी वीज एसी, म्हणून तिला बॅटरीजोगी डीसी करणारा रेक्टिफायर सोबत आला. आज दुरुस्तीला येणारी जुनी इंजिने बहुतेक याच घडणीची असतात.

खरा गुंता १९७० च्या दशकात झाला. ठिणगीसाठी उघडझाप करणारे प्लॅटिनम पॉइंट जाऊन सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारे) इग्निशन पसरले आणि एकाच फ्लायव्हीलखाली दोन वेगळ्या कामांच्या गुंडाळ्या बसल्या. एक पॉवरपॅकमधला, म्हणजे इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक डब्यातला, कपॅसिटर भरते. तिचे नाव ‘चार्ज कॉइल’. दुसरी बॅटरी भरते. तिला अनेक मॅन्युअलांत ‘लायटिंग कॉइल’ म्हणतात, कारण बॅटरी नसलेल्या इंजिनांत ती एसीवरच थेट दिवे पेटवायची. म्हणजे जिच्या नावात चार्ज आहे तिचा बॅटरीशी काहीही संबंध नाही! काही कंपन्यांनी तर दोन्ही मिळून नुसते ‘स्टेटर’ म्हटले. ही नावे ठेवणाऱ्यांनी दुरुस्ती करणाऱ्याचा विचार केला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मालवणात एका होडीची बॅटरी रोज सकाळी बसलेली असायची. दुकानातून ‘चार्ज कॉइल’ मागवली, फ्लायव्हील ओढून बसवली, पैसे गेले आणि बॅटरी तशीच. जुनी कॉइल चांगली होती. बिघडला होता रेक्टिफायर. त्याच्या एका टर्मिनलवर हिरवा कळंक चढला होता आणि आतला डायोड दोन्ही बाजूंनी वीज सोडत होता. त्या होडीचा टॅकोमीटरही (इंजिनाचे आरपीएम दाखवणारा काटा) कित्येक महिने मेलेला होता. टॅकोला सिग्नल बहुधा याच बॅटरीच्या गुंडाळीतून मिळतो, त्यामुळे काटा हलेनासा झाला की पहिला संशय चार्जिंगवर घ्यायला हवा.

दोन गुंडाळ्या मीटरवर लगेच ओळखू येतात. चार्ज कॉइलचा रोध शेकडो ओहम, लायटिंग कॉइलचा साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी. चार्ज कॉइल चालू इंजिनात शंभर-दोनशे व्होल्टच्या वर जाते, तिथे हात लावू नये. बॅटरीकडच्या दोन वायरी बऱ्याच अमेरिकी इंजिनांत पिवळ्या, काही जपानी इंजिनांत हिरव्या. ब्रिज (चार डायोडांचा) रेक्टिफायर असेल तर त्या सोडवून बॉडीशी तपासल्यावर मीटरने जोड दाखवता कामा नये.

दुसरा घोळ व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या रेग्युलेटरचा. कमी अँपिअरच्या बहुतेक जुन्या इंजिनांना तो दिलेलाच नव्हता. पाणी घालायची मोठी बॅटरी जादा वीज पचवेल, हा हिशेब होता. तेव्हा तो चुकीचा नव्हता. १९८० च्या दशकापासून जास्त अँपिअरच्या इंजिनांवर रेग्युलेटर येऊ लागले, पण जुन्या इंजिनांना आता सीलबंद बॅटरी, जीपीएस आणि फिशफाइंडर जोडले जातात. पूर्ण वेगात भरलेल्या बॅटरीवर १५ व्होल्टच्या वर दिसले तर अशा इंजिनात तो बिघाड नसतो, मूळ रचनाच तशी आहे. उभ्या इंजिनात बॅटरी १२.६, दीड-दोन हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा, एवढे दिसले की चार्जिंग सुरू आहे. आकडा जागचा हलला नाही तर आधी फ्यूज आणि टर्मिनल, मग रेक्टिफायर. फ्लायव्हील काढून कॉइल बघणे सर्वांत शेवटी. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग बघायची’ जी सवय गाड्यांवरून होड्यांवर आली, तिने जितके रेक्टिफायर जाळले तितके खाऱ्या पाण्याने जाळले नसतील.