तिखट: चव की चटका? (पार्श्वभूमी)

सावजीच्या, म्हणजे नागपुरी झणझणीत जेवणातल्या, रश्श्याचा पहिला घास पोटात गेला की नागपूरकर म्हणतो, "तोंड भाजलं." रस्सा पार निवलेला असला तरी. चटका बसणं आणि तिखट लागणं, दोन्हींसाठी आपण एकच क्रियापद वापरत आलो; प्रयोगशाळेत त्यावर शिक्कामोर्तब व्हायला मात्र १९९७ साल उजाडलं.

मूळ कल्पना त्याहून बरीच जुनी. संवेदना कशी वाटेल हे बाहेरच्या वस्तूवर नाही, तर कोणती नस चेतवली गेली यावर ठरतं, असं एका जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मांडलं होतं. डोळ्यावर गुद्दा बसला की काजवे चमकतात, ते यामुळेच.

खरा घोळ 'चव' या शब्दाचा. आधुनिक विज्ञान पाच मूळ चवी मानतं: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. तिखट त्यात नाही, कारण त्याची वार्ता चवकलिकांमधून जात नाही. चेहऱ्याचा स्पर्श, ऊन-थंड आणि दुखणं वाहून नेणारी मस्तकातली पाचवी नस ती मेंदूकडे नेते. आयुर्वेदाच्या सहा रसांत मात्र तिखटाला मानाची जागा आहे आणि त्याचं नाव 'कटु'. इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. आपला 'कडू' हा शब्द त्याच 'कटु'वरून आला, पण अर्थाने तो 'तिक्त', म्हणजे कारल्यासारख्या कडू, रसाकडे सरकला. त्यामुळे कटु रस म्हणजे कारल्याचा, असं समजून बसणारे खूप. शिवाय ही यादी झाली तेव्हा मिरचीसाठी प्रसिद्ध भिवापूरच काय, देशात कुठेच मिरची नव्हती. ती पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आली. त्रिकटू या आयुर्वेदातल्या तीन तिखटांच्या चूर्णात सुंठ, मिरी आणि पिंपळी असतात, ते म्हणूनच. जुन्यांना चव आणि वेदना यांत फरक कळला नाही, हा आक्षेप सरसकट करणं मला पटत नाही. कटु रसाने नाक गळतं, डोळ्यांना पाणी येतं, हे त्यांनीच नोंदवून ठेवलंय. त्यांनी शरीर काय करतं ते पाहिलं. नस कोणती, हे पाहायची सोय त्यांच्याकडे नव्हती.

१९९७ साली मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिनला प्रतिसाद देणारं ग्राही प्रथिन, म्हणजे नसेच्या टोकावरचं संदेश टिपणारं दार, अमेरिकेत सापडलं. तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर उष्णतेनेही उघडतं. (मे महिन्यात नागपूरचा पारा हा आकडा सहज ओलांडतो, पण तो हवेचा, घाम त्वचेला त्याखाली ठेवतो.) म्हणजे मिरची जाळत नाही, जळल्याची वर्दी तेवढी देते. पक्ष्यांमधलं हेच प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपट मिरची खुशाल खातो तो त्यामुळे. या शोधाला २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

मेंदूला वर्दी खरी वाटते आणि तो अंग थंड करायला लागतो. तर्री पोहे खाताना डोक्याला घाम फुटतो तो या गफलतीतून. विसाव्या शतकाच्या मध्यावर हंगेरीत कॅप्सेसिनची मोठी मात्रा टोचलेल्या प्राण्यांना पुढे उष्णतेत अंग थंड राखणं जमेना. नंतर वेदनाशामक म्हणून हे ग्राही बंद करणारी औषधं माणसांवर तपासली, तेव्हा काहींचं अंग ४० अंशांपर्यंत तापलं. 'दुखण्याचं बटण' समजलेली वस्तू तापमानाच्या मंडलातही जोडलेली निघाली.

अलीकडचा वाद मेंदूच्या आतला आहे. २०१५ मध्ये उंदरांच्या मेंदूतला 'गोड' भाग प्रकाशाने चेतवला तर ते साधं पाणीही आवडीने चाटू लागले. 'कडू' भाग चेतवला तर तोंड वेडंवाकडं करू लागले. एका चवीला एक ठरलेली वाट, असं त्यावरून म्हटलं गेलं. नंतरच्या काही प्रयोगांत मात्र अशी स्वच्छ वाटणी दिसली नाही, एकेक पेशी अनेक चवींना प्रतिसाद देताना आढळली.

पण चटका देणारी सावजी माणसाला आवडते का, याचं उत्तर या दोन्ही पक्षांकडे नाही. मेक्सिकोतल्या एका खेड्यात १९८० च्या सुमारास पाहणी झाली. तिथली मुलं हळूहळू मिरचीला सरावून ती मागून खाऊ लागत. त्याच घरांतले कुत्रे आणि डुकरं रोज तिखट उष्टं खात, पण निवड दिली की बिनतिखटाकडेच वळत.