गोल्डन ग्लोब शर्यतीचा अर्ज: पात्रता, नौकेचे निकष आणि कागदपत्रे

शिडाच्या लहान नौकेतून, एकट्याने, कोणत्याही बंदरात न थांबता आणि बाहेरची मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची गोल्डन ग्लोब शर्यत फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील ले साब्ल दोलोन येथे सुरू होते आणि तेथेच संपते. 1968 च्या मूळ शर्यतीत नऊ जण उतरले होते. त्यांपैकी एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. त्यांची ‘सुहैली’ ही 32 फुटी सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती. त्या घटनेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 2018 मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून ती चार वर्षांच्या अंतराने आखली जाते. केरळचे अभिलाष टॉमी 2022 च्या शर्यतीत दुसरे आले. तेव्हापासून आपल्याकडील तरुण नाविकही अर्जाविषयी विचारू लागले आहेत.

येथे प्रवेश निमंत्रणाने मिळतो, केवळ शुल्क भरून नव्हे. इच्छुकाने आयोजकांकडे अर्ज करायचा, आपला समुद्रानुभव पुराव्यानिशी मांडायचा आणि आयोजकांची खात्री पटली तर निमंत्रण येते. प्रत्येक शर्यतीचे नियम ‘नोटीस ऑफ रेस’ या दस्तऐवजात स्वतंत्रपणे जाहीर होतात व त्यांत वेळोवेळी दुरुस्त्याही होतात. म्हणून त्याची ताजी प्रत शब्दन्‌शब्द वाचल्याशिवाय नौका पाहायला सुद्धा जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पात्रता आणि मैलांचा पुरावा

प्रारंभाच्या दिवशी अर्जदाराचे वय किमान 18 वर्षे असावे लागते. त्याच्याकडे किमान 8,000 सागरी मैलांचा खुल्या समुद्रातील शिडाच्या नौकानयनाचा अनुभव आणि त्याशिवाय आणखी 2,000 सागरी मैलांचा एकट्याने केलेला प्रवास असावा लागतो. बहुतेक अर्जांचा निकाल याच अटीवर लागतो. मुंबई ते गोवा हे सागरी अंतर सव्वादोनशे मैलांच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले तर किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या फेऱ्यांतून हा आकडा गाठणे किती कठीण आहे हे कळते. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अटलांटिक ओलांडणे सुमारे 2,700 मैलांचे असते, म्हणजे तशी तीन ओलांडणी झाली की पहिली अट पूर्ण होते. यासाठी परक्या नौकेवर खलाशी म्हणून जाणे किंवा मालकाची नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोहोचवण्याचे काम घेणे, हे दोन मार्ग सामान्य नाविकाला परवडणारे आहेत.

मैल नुसते कापून भागत नाही, ते सिद्ध करावे लागतात. लॉगबुकात प्रत्येक प्रवासाची तारीख, निघण्याचे व पोहोचण्याचे बंदर, नौकेचे नाव व लांबी, कापलेले अंतर, रात्रीच्या पहाऱ्याचे तास आणि आपण कप्तान होतो की खलाशी, याची नोंद त्याच दिवशी करावी आणि प्रवास संपताच कप्तानाची सही घ्यावी. कप्तान आपापल्या वाटेने निघून गेले की चार-पाच वर्षांनी त्यांना शोधून सह्या मिळवणे जवळजवळ अशक्य होते. एकट्याने केलेल्या प्रवासाला सहीसाठी साक्षीदारच नसतो. अशा वेळी बंदरातील आगमन-निर्गमनाची कागदपत्रे, धक्क्याच्या भाड्याच्या पावत्या आणि मार्गनोंद करणाऱ्या यंत्राचा आलेख एकत्र जपून ठेवावा.

प्रमाणपत्रांमध्ये ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनच्या परीक्षांना जगभर मान असल्यामुळे त्यांचा विचार करणे फायद्याचे ठरते. ‘यॉटमास्टर ऑफशोर’साठी 50 दिवस समुद्रात व 2,500 मैल, तसेच रेडिओ आणि प्रथमोपचार यांची प्रमाणपत्रे लागतात. ‘यॉटमास्टर ओशन’साठी त्यापुढे किमान 600 मैलांचा, सलग 96 तासांचा महासागरी प्रवास करून सेक्स्टंटने (सूर्य-ताऱ्यांची क्षितिजापासूनची उंची मोजणाऱ्या उपकरणाने) घेतलेल्या वेधांची गणिते परीक्षकापुढे ठेवावी लागतात. गोल्डन ग्लोबमध्ये उपग्रहाधारित स्थाननिश्चिती वापरण्यास मनाई आहे आणि सूर्य-ताऱ्यांच्या वेधांवरूनच आपले स्थान ठरवावे लागते. त्यामुळे ही गणिते करण्याचा हात आधीच बसलेला असला पाहिजे.

नौका

नौकेची लांबी 32 ते 36 फुटांच्या दरम्यान, बांधणी फायबरची, आराखडा 1988 पूर्वीचा आणि एकाच साच्यातून किमान वीस नौका निघालेल्या असाव्यात, अशी अट आहे. कणा (नौकेच्या तळाचा पाण्यात उतरलेला उभा भाग, ‘कील’) पूर्ण लांबीचा व सुकाणू त्याच्या मागच्या कडेला जोडलेले हवे. रस्लर 36 आणि बिस्के 36 हे या निकषांत बसणारे परिचित प्रकार होत. अभिलाष टॉमींची दुसऱ्या वेळची ‘बयानात’ ही रस्लर 36 होती. 2018 साली मात्र ते ‘थुरिया’ घेऊन उतरले होते. ‘सुहैली’ची प्रतिकृती म्हणून वेगळी मुभा मिळालेली, लाकडात घडवलेली ही नौका गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली होती. दिलीप दोंदे यांनी ज्या ‘म्हादेई’तून 2009-10 मध्ये भारतीयाची पहिली एकल पृथ्वीप्रदक्षिणा केली, तीही याच कारखान्यातील.

जुनी नौका युरोपात विकत घेणार असाल, तर विक्रीखत, आधीच्या मालकाचे नोंदणी प्रमाणपत्र, मूल्यवर्धित कर भरल्याचा पुरावा आणि स्वतंत्र सर्वेक्षकाचा अहवाल मागून घ्यावा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात 2,50,000 अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्याचा अर्ज बँकेत करायचा असतो आणि खर्च दोन आर्थिक वर्षांत विभागून आखणे शहाणपणाचे ठरते. नौकेची नोंदणी ज्या देशात, त्या देशाचा ध्वज, आणि त्याच ध्वजानुसार रेडिओ स्थानकाचा परवाना व नऊ अंकी सागरी ओळखक्रमांक मिळतो. भारतीय नौकांचा हा क्रमांक 419 ने सुरू होतो.

सुरक्षेची कागदपत्रे

हा विभाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंद महासागरातील वादळात ‘थुरिया’ उलटली, डोलकाठी मोडली आणि टॉमी यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. बचावाचा समन्वय ऑस्ट्रेलियातून झाला, भारतीय नौदलाच्या विमानाने नौका पाहिली आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने 24 सप्टेंबरला त्यांना उचलून त्याच महासागरातील अ‍ॅमस्टरडॅम बेटावर नेले. इतक्या दूरवर तीन देशांच्या यंत्रणांना एकाच ठिपक्याकडे नेमके वळता येण्यासाठी संकटसूचक यंत्रांची नोंद आधी व्यवस्थित झालेली असावी लागते.

म्हणून उपग्रहामार्फत बचावयंत्रणेला इशारा देणाऱ्या 406 मेगाहर्ट्‌झच्या संकटसूचक यंत्राची नोंदणी अचूक करावी आणि नौकेचा रंग, लांबी, आपले नाव व किनाऱ्यावरील दोन विश्वासू व्यक्तींचे संपर्क त्यात भरावेत. भारतीय सांकेतिक क्रमांकाच्या यंत्रांची नोंदणी बंगळूरू येथील इस्रोच्या मोहीम नियंत्रण केंद्राकडे होते. नौका किंवा यंत्र बदलल्यास नोंद लगेच दुरुस्त करावी. याशिवाय दूरपल्ल्याच्या रेडिओसाठी चालकाचा परवाना, समुद्रातील जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, वैद्यकीय प्रशिक्षण आणि तंदुरुस्तीचा दाखला, तसेच त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा यांची तयारी ठेवावी. या प्रशिक्षणांच्या दाखल्यांना मुदत असते, तेव्हा ते प्रारंभाच्या फार आधी घेऊन ठेवू नयेत.

पासपोर्ट आणि व्हिसा

भारतीय पासपोर्टधारकाची खरी कसोटी येथे लागते. फ्रान्ससह युरोपातील बहुतेक देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, आणि नौकेची तयारी, चाचण्या व प्रारंभापूर्वीची तपासणी यांना एवढा काळ सहसा पुरत नाही. त्यामुळे फ्रान्सचा दीर्घमुदतीचा व्हिसा वेळेत मागावा. निघताना आपल्या निर्गमनाची अधिकृत नोंद करून घ्यावी. 2022 च्या शर्यतीत पहिल्या आलेल्या कर्स्टन नॉइशेफर आणि दुसरे आलेले टॉमी एप्रिल 2023 च्या अखेरीस, सुमारे आठ महिन्यांनी, परतले. एवढ्या काळात एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसाची मुदत समुद्रातच संपेल. परतीच्या तारखेपलीकडे वैध असलेला, अनेकदा प्रवेशाची मुभा देणारा व्हिसा हवा, आणि पासपोर्टची वैधता त्याहूनही सहा महिने जास्त हवी.

नियमाने कोठेही उतरायचे नसले तरी डोलकाठी मोडल्यावर जे बंदर जवळ असेल तेथेच जावे लागते. केप टाउन आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा ही त्यांतली सर्वांत संभाव्य ठिकाणे असल्यामुळे दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियाचे व्हिसा निघण्यापूर्वीच काढून ठेवावेत. एकदाच थांबलेल्या स्पर्धकाला ‘चिचेस्टर’ वर्गात पुढे जाता येते. सर्व कागदपत्रांच्या मूळ प्रती जलरोधक पिशवीत जीवरक्षक तराफ्याजवळ आणि साक्षांकित प्रतींचा एक संच किनाऱ्यावरील व्यवस्थापकाकडे ठेवावा, कारण नौका सोडावी लागलेल्या नाविकाला परक्या देशातून घरी परतण्यासाठी दूतावासाकडून प्रवासपत्र मिळवताना याच प्रती कामी येतात.