अव्वल श्रेणीतली जागा नेमकी कुणाच्या हक्काची?

इंग्लिश फुटबॉलच्या अव्वल श्रेणीत, म्हणजे आजच्या प्रीमियर लीगमध्ये, एखादा जुना क्लब बऱ्याच वर्षांनी परतला की ‘हा संघ मुळात इथलाच’ असे हमखास म्हटले जाते. २०२० मध्ये लीड्स युनायटेड, २०२२ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट आणि २०२५ मध्ये संडरलँड परतले तेव्हाही हेच ऐकू आले. याउलट ब्रेंटफर्ड किंवा बोर्नमथने कितीही चांगला खेळ केला तरी त्यांच्याकडे पाहुणे म्हणूनच पाहिले जाते. नियमांत असा वारसाहक्क कुठेच नाही. तरीही १९१९ मध्ये असाच एक दावा मतदानाला टाकून मान्य करण्यात आला, आणि त्या मतदानात ज्या क्लबच्या पदरात जागा पडली तो आजतागायत खाली घसरलेला नाही.

मुळात ही साखळी स्पर्धा सुरू झाली तीच निवडीने. १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना अधिकृत मान्यता मिळाली, पण त्यांचे पगार भागवायला नियमित सामन्यांची हमी नव्हती. या अडचणीवर उपाय म्हणून अ‍ॅस्टन व्हिला क्लबचे विल्यम मॅकग्रेगर या मूळच्या स्कॉटिश कापड व्यापाऱ्याने मार्च १८८८ मध्ये काही प्रमुख क्लबना पत्र लिहिले आणि १७ एप्रिलला मँचेस्टरमधील बैठकीत फुटबॉल लीगची रीतसर स्थापना झाली. तिचे बारा सदस्य लँकेशायर आणि मिडलंड्स या दोन औद्योगिक पट्ट्यांतले होते. दक्षिणेतला एकही नव्हता. नॉट्स काउंटीला घेतल्यावर त्याच शहरातल्या फॉरेस्टला जागा उरली नाही. म्हणजे संस्थापकत्वाचा मान काही अंशी वेळ आणि भूगोल जुळून आल्याचा परिणाम होता. त्या बारांपैकी अ‍ॅक्रिंग्टनने १८९३ मध्येच लीग सोडली आणि २०२५-२६ च्या हंगामात अव्वल श्रेणीत उरले ते फक्त व्हिला, एव्हर्टन, बर्नली आणि वुल्व्हज हे चौघे.

१८९२ मध्ये दुसरी श्रेणी सुरू झाली तेव्हा वर-खाली जाण्याचा निर्णय गुणतक्त्यावर नव्हे, तर हंगामाअखेरच्या खास चाचणी सामन्यांवर होत असे. १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली यांच्यात शेवटची लढत होती आणि बरोबरी झाली तर दोघांचीही जागा पक्की होणार होती. दोन्ही संघांनी गोल करण्याचा फारसा प्रयत्नच केला नाही आणि सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. या प्रकारानंतर चाचणी सामने बंद झाले, श्रेणी १६ वरून १८ संघांची झाली आणि पुढच्या हंगामापासून तक्त्यातल्या स्थानानुसार बढती व घसरण ठरू लागली. जागा मैदानावर कमवायची हे तत्त्व असे एका लाजिरवाण्या सामन्यातून आले, हे विसरता कामा नये.

या तत्त्वाला सर्वांत मोठा अपवाद पहिल्या महायुद्धानंतर झाला. १९१४-१५ च्या हंगामात पहिल्या श्रेणीत टॉटनहॅम २८ गुणांसह तळाला, चेल्सी २९ गुणांसह त्याच्या वर आणि ३० गुणांचा मँचेस्टर युनायटेड जेमतेम सुरक्षित होता. मात्र युनायटेडने गुड फ्रायडेला लिव्हरपूलवर २-० असा जो विजय मिळवला होता, तो खेळाडूंनी सट्ट्यासाठी आधीच ठरवलेला असल्याचे चौकशीत सिद्ध झाले. खेळाडूंवर बंदी आली, पण क्लबचे गुण कायम राहिले. त्यामुळे चेल्सीवर अन्याय झाला ही भावना रास्तच होती. युद्धानंतर, मार्च १९१९ च्या सभेत श्रेणी २० वरून २२ संघांची करण्याचे ठरले. दुसऱ्या श्रेणीतले पहिले दोन संघ, डर्बी काउंटी आणि प्रेस्टन, वर आले आणि चेल्सीची जागा मतदानाविनाच राखली गेली. उरलेली जागा टॉटनहॅमकडेच राहील असे बहुतेकांनी गृहीत धरले होते.

ती गेली आर्सेनलला. त्या वेळच्या तक्त्यानुसार हा संघ दुसऱ्या श्रेणीत सहावा होता. तिसरा बार्न्सली आणि चौथा वुल्व्हज होता. लीगचे अध्यक्ष जॉन मॅकेना यांनी आर्सेनलच्या लीगमधील दीर्घ सेवेचा दाखला दिला. आर्सेनल १८९३ मध्ये लीगमध्ये आला होता आणि टॉटनहॅम १९०८ मध्ये, हे खरे. परंतु ज्येष्ठताच पाहायची तर वुल्व्हज १८८८ चा संस्थापक सदस्य होता, आणि तक्त्यातही तो आर्सेनलच्या वरच होता. मतमोजणीत आर्सेनलला १८, टॉटनहॅमला ८, बार्न्सलीला ५ आणि वुल्व्हजला ४ मते पडली. आर्सेनलचे अध्यक्ष हेन्री नॉरिस यांनी पडद्याआड सूत्रे हलवल्याची चर्चा शंभर वर्षे चालली आहे. पैसे दिल्याचा पुरावा मात्र कधीच पुढे आला नाही. माझ्या मते लाच शोधण्याची गरजही नाही, कारण खरी गोम त्या युक्तिवादातच आहे. ‘हा क्लब इथलाच’ हे कारण एकदा ग्राह्य धरले की कोणती ज्येष्ठता मोजायची आणि कोणती नाही, हे मतदारांच्या मर्जीवर जाते. टॉटनहॅमने पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी ७० गुणांसह जिंकून जागा परत मिळवली. १९१३ मध्ये आर्सेनल उत्तर लंडनमधील हायबरीला आपल्या शेजारी येऊन बसल्याचा राग त्यांच्या मनात आधीच होता, त्यात ही भर पडली.

पुढच्या काळात कोण टिकले आणि कोण मागे पडले, याचा निकाल बराचसा पैशाने लावला. खेळाडूंच्या पगारावरची कमाल मर्यादा होती तोवर छोट्या गिरणी-गावांचे क्लब मोठ्या शहरांशी बरोबरी करू शकत होते. १९६० मध्ये बर्नलीने विजेतेपद मिळवले ते याच व्यवस्थेत. १९६१ मध्ये आठवड्याला २० पौंडांची ती मर्यादा उठली. त्याच वर्षी लीगचा पहिला विजेता प्रेस्टन खाली घसरला आणि तो अद्याप परतलेला नाही. दशक संपण्यापूर्वी बोल्टन, ब्लॅकबर्न आणि ब्लॅकपूलही गेले. १९८३ पासून तिकिटांच्या उत्पन्नातला पाहुण्या संघाचा वाटाही बंद झाला, आणि १९९२ मध्ये अव्वल श्रेणीने प्रीमियर लीग या नावाने वेगळी चूल मांडली.

हंगाम मोजायचे तर एव्हर्टनला तोड नाही. १८८८ पासून तो क्लब फक्त चार हंगाम दुसऱ्या श्रेणीत खेळला आहे. संडरलँड १८९० ते १९५८ सलग वर होता आणि सहा वेळा विजेता ठरला. मात्र त्यानंतर दोनदा तिसऱ्या श्रेणीपर्यंत घसरला. बोल्टनने इतके हंगाम वर काढूनही विजेतेपद कधीच मिळवले नाही, तर फॉरेस्टने एकमेव विजेतेपद १९७८ मध्ये मिळवून लगेच १९७९ आणि १९८० असे दोन युरोपियन चषक पटकावले. भारतात हे सामने घरोघरी दिसू लागले ते उपग्रह वाहिन्या आल्यावर, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक प्रेक्षकांच्या मनातली ‘मोठ्या क्लबां’ची यादी १९९२ नंतरची आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनहॅम यांनी कायमस्वरूपी जागा असलेल्या युरोपियन सुपर लीगची घोषणा केली. त्या सहांत एव्हर्टन नव्हता, १९८२ चा युरोपियन विजेता व्हिला नव्हता. १९९८-९९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळलेला सिटी मात्र होता. समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांतच सहाही क्लबनी माघार घेतली. पुन्हा असा प्रयत्न झाल्यास प्रत्येकी अडीच कोटी पौंड दंड आणि ३० गुणांची कपात होईल, असे त्यांच्याकडून मान्य करून घेण्यात आले. ३८ सामन्यांच्या हंगामात ३० गुण कापले जाणे म्हणजे जवळजवळ थेट खालच्या श्रेणीत रवानगी.